सातवी कुंडी

दिवाळी होऊन गेली की आमच्या वाडीत सुपारी उतरवायला पाडेली येतात. सुपारीवर चढण्याआधी बुंध्याशी उभे राहून आरोळी देतात, "चढतोय होऽ!" ही आरोळी बायकांसाठी असते. विहिरीवर कोणी न्हात असेल, कोणी केस मोकळे सोडून बसली असेल, तर तिने आत जावं. शेंड्यावरून सगळ्या घरांची मागची दारं दिसतात. मग नारिंगी घोस दोरावरून खाली उतरतात, फळं अंगणात पसरली जातात आणि पुढे महिना-दीड महिना अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. पहिले आठ दिवस वास गोडसर असतो. नंतर त्यात ओल्या सालीचा कुबटपणा येतो, आणि तो कपड्यांत, उशीत, भाकरीतसुद्धा शिरतो.

यंदा त्या वासात मी कुंड्या फिरवते आहे. दर शुक्रवारी एकेक कुंडी पाव फेरा. उन्हाकडची बाजू आत, आतली बाजू उन्हाकडे. तसं केलं नाही तर झाड एकाच अंगाला वाढतं आणि दुसऱ्या अंगाने उघडं पडतं. कुंड्यांच्या अलीकडे, पडवीत, चटईवर अम्मा बसलेली असते. अम्मा म्हणजे माझी सासू. भादव्यात माझे सासरे गेले आणि ती इद्दतीला बसली. आमच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस त्याच्याच घरात राहते, उंबऱ्याबाहेर जात नाही, परक्या पुरुषाच्या नजरेस पडत नाही. रंग नाही, अत्तर नाही, काजळ नाही. अकरा वर्षांपूर्वी याच पडवीत, याच चटईच्या जागी मी बसले होते. तेव्हाही कुंड्या होत्या. त्या मी निवडल्या होत्या.

त्याविषयी लिहायचं म्हणून मी तीन आठवडे वही उघडते आणि मिटते. आमच्या घरात बोलतात ती बोली निराळी. लिहिताना मात्र माझ्या हाताला शाळेची मराठीच येते. माझे वडील खाडीपलीकडच्या गावात मास्तर होते. मुलींना फार शिकवू नये असं म्हणणाऱ्यांच्या घरी ते चहा प्यायचे आणि घरी येऊन मला व्याकरण शिकवायचे. त्यामुळे अम्मा काय म्हणाली ते मी इथे माझ्या मराठीत लिहिणार. तिच्या तोंडी ते जास्त आंबट-गोड होतं, एवढं लक्षात ठेवावं.

*

माझा नवरा मुंबईला गोदीत कारकून होता. आगबोटीने वर्षातून दोनदा यायचा. येताना माझ्यासाठी जुन्या बाजारातली पुस्तकं आणायचा. कुणाला पुठ्ठा नसे, कुणाची पहिली चार पानं नसत. "सुरुवात तू लिही," म्हणायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यातले आम्ही एका छपराखाली राहिलो ते दिवस एकोणसत्तर. तो तापाने तिकडेच गेला, तिकडेच त्याला माती दिली. आम्हाला तार आली. मी त्याचा चेहरा पाहिला नाही. म्हणून पुष्कळ दिवस मला तो गेला असं वाटतच नव्हतं. आगबोट उशिरा येते आहे असं वाटायचं.

मला माजघरात बसवलं. आमच्या माजघराला खिडकी नाही. वर एक कौल काचेचं आहे, त्यातून दुपारी तासभर उन्हाचा एक चौकोन खाली पडतो आणि जमिनीवरून सरकत सरकत भाताच्या कणगीवर चढून नाहीसा होतो. गावातल्या बायका यायच्या, माझ्याजवळ बसून रडायच्या, आणि आपल्या घरच्या गोष्टी बोलत उठायच्या. मला रडू येत नव्हतं. मला श्वास पुरत नव्हता. त्या चौकोनात पुस्तक धरून मी एक ओळ वाचायचे, तोवर चौकोन पुढे जायचा, मग मीही पुढे सरकायचे.

नवव्या दिवशी मी सासऱ्यांना चिठ्ठी लिहिली. त्यांना मी अब्बाजी म्हणायचे. समोर उभं राहून त्यांच्याशी बोलण्याची माझी हिंमत नव्हती, पण लिहिण्याची होती. लिहिलं : "मला उजेड हवा. घराच्या अंगणात बसायला मनाई आहे असं मी कुठल्या किताबात वाचलेलं नाही."

अब्बाजी शांत माणूस. चिठ्ठी घेऊन ते मशिदीत गेले, मौलवींना विचारून आले. मग दाराबाहेरून, मला ऐकू जाईल अशा बेताने, अम्माला म्हणाले, "बसू दे तिला पडवीत. परक्याची नजर पडता कामा नये, एवढंच."

"आणि आकाश दिसलं तर?" अम्मा म्हणाली. तिच्या आईच्या काळी इद्दतीतल्या बाईला आकाशही दाखवत नसत.

"आकाश परकं नाही," अब्बाजी म्हणाले.

पडवीचं तोंड रस्त्याकडे. मध्ये जांभ्याचा गडगा, कमरेइतका. त्याच्यावरून येणारा-जाणारा सरळ आत पाहू शकतो. आमच्याकडे कामाला येणारी गंगू म्हणाली, "झाप लावा ना. नारळाच्या झावळ्या विनल्या की झाला. दोन घटकेचा काम."

आमच्याकडे मयताला न्हाऊ घालताना झापांचाच आडोसा करतात. मी आतून म्हटलं, "झाप नको. हिरवं काहीतरी हवं." लग्न होऊन आल्यापासून या घरात 'हवं' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला असेन.

"मग कुंड्यांत लाव," अब्बाजी म्हणाले. "जमिनीत लावलं तर ते कायमचं होईल. हे चार महिन्यांचं आहे." पुढे म्हणाले, "कोणती झाडं, ते तूच सांग. तू वाचलेली आहेस."

*

आज मागे पाहताना मला याची लाज वाटते की झाडं निवडण्याच्या त्या आठ दिवसांत मी सुखात होते.

नवऱ्याने आणलेल्या पुस्तकांत बागेवरचं एक होतं. पहिली चाळीस पानं नव्हती, पण कुंडीतल्या झाडांचं प्रकरण शाबूत होतं. मी ते त्या सरकत्या चौकोनात वाचलं. पानं न झडणारं हवं, कारण आडोसा हिवाळ्यात लागणार होता. म्हणजे चाफा बाद. तो ऐन थंडीत हातपाय वर करून उभा राहतो. शेवगा बाद. कुंडीत दाटीने वाढणारं हवं, खालपासून पानं धरणारं हवं, समुद्राचा खारा वारा सोसणारं हवं. मी यादी केली आणि अम्माकडे पाठवली. यादी गंगूने तोंडपाठ करून नेली आणि अम्माची उत्तरं घेऊन आली, आणि मग अम्मा स्वतःच दाराशी येऊन बसली.

"मोगरा? इद्दतीत वास? तौबा."

"मग मेंदी," मी म्हटलं. "दाट होते. खालपासून पानं धरते."

"मेंदी! विधवेच्या पुढ्यात मेंदी लावलीस तर लोक काय म्हणतील? काल पुरला आणि आज हात रंगवायला बसली."

"हाताला नाही लावणार, अम्मा. कुंडीला लावायची आहे."

गंगू फसकन हसली. अम्मानेही तोंड फिरवलं, पण तिचा खांदा हलला ते मी पाहिलं. तिचा एकुलता मुलगा गेला होता. आम्ही तिघी, त्याच्या मरणानंतर पंधरा दिवसांच्या आत, झाडांवरून हसलो.

कण्हेर शेळीसाठी विषारी म्हणून गेली. रंगीत पानांचं क्रोटन अम्माने "नटवी" म्हणून घालवलं. जास्वंद चालेल, पण कळी दिसली की खुडायची. तगरही त्याच अटीवर. अडुळशाला कुणाचीच हरकत नव्हती. त्याला वास नाही, रूप नाही, आणि खोकल्याला उपयोगी. अशी दोन जास्वंदी, दोन तगरी, दोन अडुळसे झाले. शोकाचे सगळे नियम पाळणारी झाडं. इतकी निरुपद्रवी की ती झाडं आहेत हे विसरता यावं.

सहा कुंड्यांनी पडवीपुढची फरसबंदी भरली. तरी कोपऱ्यात हातभर जागा उघडी राहिली, नेमकी रस्त्याच्या वळणाकडे. तिथे मोठं झाड हवं होतं. गंगूने दोन वर्षांचं उंडीचं रोप किनाऱ्यावरून मुळाच्या गड्ड्यासकट काढून आणलं. उंडी आमच्या किनाऱ्यावर आपोआप उगवते. तिच्या बियांचं तेल दिव्यात जळतं, होड्यांना चोपडतात. पानं जाड, चकचकीत, बाराही महिने हिरवी.

"ह्यो समिंदरावरचा झाड हाय, भाबी," गंगू म्हणाली. "मारलात तरी मरनार न्हाय."

एवढ्या मुळांना कुंडी पुरेना. विहिरीमागे बूड फुटलेला एक रांजण पडला होता, त्यात ते लावलं. कोपऱ्यात फरसबंदी नव्हती, नुसती माती होती. रांजण मातीवर ठेवला. ही सातवी कुंडी. बुडाला भोक पाडायला नको, ते आयतंच आहे, म्हणून आम्ही खूशही झालो. वाडीत राहणाऱ्या माणसांना पाणी साचण्याची भीती फार. मूळ कुठे जाईल याचा विचार आमच्या मनात येत नाही. आमच्याकडे मुळांनी खाली जावं म्हणून सगळी धडपड चालते.

*

कुंड्या लागल्या त्या दिवशी माझे वडील खाडी ओलांडून भेटायला आले. पडद्याच्या त्या बाजूने, रस्त्याकडून, अब्बाजींशी बोलत होते. मी पानांमधून त्यांचा कोट पाहिला. तिकडच्या मुलींच्या शाळेतल्या बाई शिमग्यानंतर काम सोडणार होत्या. शिकवायला बाईमाणूस मिळत नव्हतं. वडिलांनी माझं नाव घातलं होतं. माझे दिवस भरेपर्यंत ते थांबायला तयार होते, पुढे नाही.

अब्बाजींनी कुंडीतलं एक वाळलं पान खुडलं. मग म्हणाले, "मास्तर, ती माझ्या मुलाची अमानत आहे. दिवस भरले, सगळ्या कुंड्या उचलल्या गेल्या, की मी स्वतः तिला तरीवर, होडीपर्यंत पोचवीन."

"सगळ्या," आतून अम्मा म्हणाली. ती काय म्हणून बोलली कोण जाणे. अब्बाजींनी मान हलवली. "सगळ्या."

आणि मी मोजायला लागले. भिंतीवर कोळशाच्या रेघा, सात-सातच्या. घरात कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

पानांआड बसलेलं माणूस बाहेरच्याला दिसत नाही, पण त्यालाही पूर्ण कधी काही दिसत नाही. मला तुकडे दिसायचे. बैलाचं एक शिंग. टोपलीखालचा अर्धा चेहरा, टोपलीतून ठिबकणारं मासळीचं पाणी. दुपारी शाळेतून परतणाऱ्या मुलींचे पाय, धुळीत पाढा म्हणत चाललेले. एक मुलगी नेहमी सव्वीस नव्वे चुकायची. मी आतून ओठांनी दुरुस्त करायची. कधी कोणी गडग्याजवळ थांबून पान तोडायचा, चघळायचा, आणि त्या जागी एका पानाएवढं आकाश उघडं पडायचं. मी लगेच ती फांदी ओढून भोक बुजवायची. हे मी स्वतःच करत होते, कोणी सांगितलेलं नव्हतं.

पाच वेळा नमाज, पाच वेळा वजू. हात-पाय-तोंड धुवायचा दगड कोपऱ्यात होता, उंडीला लागून. ते पाणी मी उंडीच्या रांजणात ओतायची. बाकीच्या कुंड्यांना दिवसाआड पाणी, उंडीला दिवसातून पाचदा. तिच्या पानांवर मी बोट फिरवलं की ते ओलं नसतानाही ओलं वाटायचं. तिच्यावर माझा जीव होता हे कबूल केलं पाहिजे. बाकीची सहा झाडं अम्माच्या अटींतून उरलेली होती. उंडीवर कुणी अट घातली नव्हती.

मी दर शुक्रवारी कुंड्या फिरवायची. पौष लागायच्या आधीचा एक शुक्रवार. अंगणभर सुपारी, तिचा तो कुबट वास. सहा कुंड्या फिरवल्या. सातवीला दोन्ही हातांनी धरलं आणि ती फिरली नाही. मला वाटलं माती बसली असेल. जोर केला. आत, खाली, काहीतरी ताणल्यासारखं झालं, जसं झोपलेल्या माणसाचा हात ओढल्यावर तो झोपेतच आवळतो. मी हात काढून घेतले.

मला कळलं होतं. त्या पुस्तकात हे होतंच, स्पष्ट : कुंडी उघड्या मातीवर ठेवू नये, भोकातून मूळ जमिनीत जातं. मी ते वाचलं होतं आणि वजूच्या पाण्याच्या नादात विसरले होते. त्या दिवशी सांगितलं असतं तर गंगूने पहार घालून मूळ तोडलं असतं, झाड जगलंही असतं. मी सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी सहा कुंड्या फिरवल्या आणि सातवीच्या पानांवरची धूळ पुसली. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी.

का सांगितलं नाही, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारते आहे. खाडीपलीकडची शाळा मला हवी होती. रेघा मी मोजत होते. पण रेघा संपल्या की तो गेला हे खरं होणार होतं. तरीवर बसायचं म्हणजे त्याच्या बायकोने त्या घरातून उठायचं. आणि रस्त्याची मला भीती वाटायला लागली होती. चार महिने तुकडे पाहिलेल्या डोळ्यांना अख्खा रस्ता एकदम दिसला तर काय होईल, असं काहीतरी. आता लिहिताना ते फार शहाण्यासारखं दिसतं. तेव्हा मी फक्त पानं पुसत होते.

*

दिवस भरले त्या सकाळी मी न्हाले, पांढरं सोडून फिकट निळं नेसले. अम्माने माझ्या डोळ्यांत काजळ घातलं. ते थोडं गालावर फिसकटलं. वडील तरीवर वाट पाहत थांबणार होते. माझी पेटी दाराशी होती. तिच्यात कपडे थोडे, पुस्तकं जास्त.

गंगू आणि अब्बाजी कुंड्या उचलायला लागले. पहिली, दुसरी. प्रत्येक कुंडीखाली फरशीवर एक ओलं वर्तुळ, त्यात गोगलगायी. सहाव्या कुंडीनंतर पडवी इतकी उजळली की मी डोळ्यांवर हात धरला.

सातवी उठेना.

गंगूने पदर खोचला, हिसका दिला. "अगो बाय! ह्याने तर जमीन धरली!" ती खाली वाकली, रांजणाखाली बोटं घातली आणि वर पाहून म्हणाली, "मनगटासारखा मूळ हाय, अब्बाजी."

मनगटाएवढं नसणार. पण गंगूला वाढवून सांगायची सवय, आणि त्या क्षणी कोणीच खाली वाकून पाहिलं नाही.

अब्बाजी उभे राहिले. त्यांनी 'सगळ्या' असा शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ते मोजून चालणारे. तरी ते न्यायी माणूस होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "फोडू का रांजण? मूळ तोडतो. तू म्हणशील तसं."

अम्मा रांजणाकडे पाहत होती. गंगूने पहार हातात घेतली होती. रस्त्यावरून दोघे जण चालत गेले आणि त्यांनी आत पाहिलं. मी अंग चोरून उंडीच्या मागे सरकले, कारण तेवढाच आडोसा शिल्लक होता. आणि तिथून, पानांआडून, मी म्हटलं, "पावसाळ्यापर्यंत राहू दे. पावसात काढलं तर जगेल."

कोणी मला भाग पाडलं नाही. ते माझंच वाक्य.

वडील संध्याकाळपर्यंत तरीवर थांबले आणि परत गेले. शाळेने दुसरी बाई नेमली. पावसाळा आला, तेव्हा उंडीला नवी तांबूस पालवी फुटली होती, कोण काढणार? त्याच पावसाळ्यात रांजण एका बाजूने तडकला. पुढे दोन वर्षांनी वडील गेले, मग खाडीपलीकडे जायला कारणच राहिलं नाही. अब्बाजींनी दुसऱ्या निकाहाविषयी दोनदा विचारलं, मी दोनदा नकारार्थी मान हलवली, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी घरात कोंडलेली होते असं कोणी म्हणू शकणार नाही. लग्नकार्याला, मयताला मी जायची. मागच्या दाराने, वाडीतून, चादर घेऊन. समोरच्या दाराने मात्र कधी गेले नाही. तिकडे उंडी होती. तिच्या फांद्या पडवीच्या पागोळीला टेकल्या, मग कौलांवर चढल्या. पडवीत दुपारीही अंधार राहायला लागला. पाचव्या का सहाव्या वर्षी ती फुलली, पांढरी, पिवळ्या केसरांची, आणि असा वास सुटला की अम्मा दारात येऊन उभी राहिली. "हिला वास होता?" म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही."

*

यंदा अब्बाजी गेले. अम्मा माजघरात तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली. "मला तिथे बसव," म्हणाली. "तुला बसवलं होतं तिथे."

उंडी कौलांवर पसरली होती, पण रस्त्याच्या बाजूने तिचा आडोसा एका कोपऱ्यापुरताच. बाकी गडगा उघडाच होता. मी पुन्हा झाडं निवडली, पुन्हा अडुळसा, तगर, जास्वंद. या खेपेला प्रत्येक कुंडीखाली मी स्वतः जांभ्याचा चिरा ठेवला, आणि प्रत्येक शुक्रवारी कुंडी नुसती फिरवत नाही, उचलून खाली पाहते. गंगू आता म्हातारी झाली आहे, ती बसून बघते आणि म्हणते, "भाबी, कुंडीखाली काय साप ठेवलाव काय?"

मागल्या शुक्रवारी मी अशीच कुंडी उचलून पाहत होते. अम्मा चटईवरून म्हणाली, "तेव्हा नाही उचललीस कधी."

मी कुंडी खाली ठेवली.

"तू फिरवायचीस," ती म्हणाली. "मी ओटीच्या खिडकीत असायची. एका शुक्रवारी सातवी फिरली नाही. तू दोन्ही हात लावलेस, मग तशीच उभी राहिलीस. मी पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का बोलली नाहीस?"

अंगणात सुपारीवर कावळा उतरला. गंगूने त्याला खडा मारला. अम्मा तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू वजूचं पाणी घालायचीस. तू झोपलीस की दुपारी मी तांदळाचं धुवण घालायची. रोज. म्हटलं, धरू दे. मुलगा गेला, त्याचं पोर नाही, निदान ही राहील." मग चटईवरून हात फिरवत, "चार महिने इथे बसले, तेव्हा समजलं मी तुला कुठे ठेवलं होतं."

रागवावं असं मला वाटलं. इतकी वर्षं मी सगळा दोष एकटीने सांभाळला होता, पेटीतल्या पुस्तकांसारखा. त्यातला अर्धा दुसऱ्याचा निघाला तर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त त्या झाडाकडे पाहवेना. दोघींनी दोन बाजूंनी त्याला पाणी घातलं होतं आणि एकमेकींना सांगितलं नव्हतं.

हे लिहिता लिहिता अम्माचे दिवस काल भरले. गंगूने आणि मी मिळून कुंड्या उचलल्या. सगळ्या हलक्या. चिऱ्यांवर ओली वर्तुळं, गोगलगायी, सगळं तेव्हासारखं. शेवटची तगर राहिली तेव्हा अम्मा आतून म्हणाली, "ती एक राहू दे गं. असू दे थोडे दिवस. एकदम इतकं उघडं नको."

तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता आणि ती उंडीच्या बाजूला सरकत होती. पासष्ट वर्षांची बाई, तिच्या स्वतःच्या पडवीत. मी त्या चेहऱ्याला ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी या जागी तो माझा होता, आणि मला कोणी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही, अम्मा," मी म्हटलं आणि तगर उचलून गडग्यापलीकडे, रस्त्याच्या कडेला ठेवली. मग तिचा हात धरला. तिचा हात कोरडा होता, माझा ओला. अब्बाजींना नेल्यापासून न उघडलेल्या फाटकाची कडी गंजली होती. गंगूने दगडाने ठोकून ती काढली. "चला, म्हातारीनू," ती म्हणाली, "वरात निघालीव जशी."

आम्ही दोघी रस्त्याच्या वळणावर, उंडीसमोर, उभ्या राहिलो. काही झालं नाही. एक बैलगाडी गेली. गाडीवानाने अम्माला सलाम केला आणि अब्बाजींविषयी दोन शब्द बोलला. धूळ खाली बसली. शाळेच्या मुली अजून यायच्या होत्या.

मग मी वळून घराकडे पाहिलं. लग्न होऊन आले त्या दिवसानंतर मी ते रस्त्यावरून कधी पाहिलंच नव्हतं. उंडी कौलांच्या वर गेली होती. काळसर हिरवी, चकचकीत, एकही पान न झडलेली. तिच्या बुंध्याला रांजणाची एक खापरी अजून चिकटून होती, गळ्यातल्या ताइतासारखी. पानांत कुठे भोक नव्हतं. तिथून पडवी दिसत नव्हती, दार दिसत नव्हतं. त्या झाडामागे कोणी राहत असेल असं त्या वळणावरून येणाऱ्याला वाटलं नसतं.

अम्माही बघत होती. तिचे गुडघे दुखायला लागले असावेत. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"आत जायचं का?" तिने विचारलं.

"थोडा वेळ राहू दे," मी म्हटलं. "मुली येईपर्यंत."